स्वागताची स्क्रिप्ट लिहिण्याआधी

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विषय: चॅट चॅनेलवर येणाऱ्यांना आपोआप उत्तर देणाऱ्या स्क्रिप्टविषयी

महोदय,

चॅट चॅनेलवर कुणी नवे माणूस आले की त्याला आपोआप 'नमस्कार, आपले स्वागत आहे' म्हणणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, आता असंख्य गटांत लावलेली दिसते. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांचे असे एक चॅनेल मी बरीच वर्षे सांभाळत आलो आहे, आणि ही स्क्रिप्ट कशी लिहायची हे विचारायला मुलेमुली माझ्याकडे सतत येत असतात. त्यांना मी सर्वांत आधी जे सांगतो ते आपल्या पत्रातून आणखी काही जणांपर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. स्वागताची स्क्रिप्ट काय बोलेल हे शेवटी ठरवा. ती कधी गप्प बसेल हे आधी लिहून काढा. मी हे उलट्या क्रमाने केले आणि त्याचा त्रास माझ्याऐवजी एका परक्या मुलाला भोगावा लागला.

ज्यांना या विषयाची माहिती नाही त्यांच्यासाठी यामागची यंत्रणा थोडक्यात सांगतो. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये इंटरनेट रिले चॅट, म्हणजे आयआरसी, सुरू केले आणि त्याचे नियम मे १९९३ मध्ये आरएफसी १४५९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदले गेले. त्या नियमांप्रमाणे कुणी चॅनेलवर आले की सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना जोडणारा मधला संगणक, तिथे असलेल्या प्रत्येकाला 'अमुक आला' अशी एक ओळ पाठवतो. ही ओळ माणूस वाचतो तशी त्याच्या संगणकावरचा प्रोग्रामही वाचतो, आणि 'अशी ओळ आली की हे कर' एवढे त्याला सांगून ठेवले की स्वागत तयार. १९९५ मध्ये आलेल्या एमआयआरसी या विंडोजवरच्या प्रोग्रामने हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आणले, कारण घटना, चॅनेलचे नाव आणि करायची आज्ञा अशा तीन गोष्टी एका ओळीत लिहिल्या की झाले. आजच्या डिस्कॉर्ड, स्लॅक आणि टेलिग्राम या चॅट सेवांवरच्या बॉटचा, म्हणजे स्वतःच्या नावाने आपोआप बोलणाऱ्या प्रोग्रामचा, सांगाडाही हाच आहे. सदस्य आल्याची वर्दी त्यांनाही मिळते, फक्त तिचे नाव वेगळे. ते इतके सोपे आहे की अनेकांच्या आयुष्यातली पहिली चालणारी स्क्रिप्ट हीच असते. माझीही हीच होती, आणि ती पहिल्यांदा चालली तेव्हाचा आनंद मी विसरलेलो नाही.

ती स्क्रिप्ट मी माझ्याच टोपणनावाखाली चालवत होतो. वेगळा बॉट ठेवायचा तर दुसरी जोडणी सांभाळावी लागते, आणि माझा संगणक तसाही रात्रंदिवस चालू असे, त्यामुळे मला यात काही गैर वाटले नाही. कुणी आले की माझ्या नावाने ओळ उमटे: 'नमस्कार! बरं वाटलं तुम्ही आलात. काय मदत करू?' एका रात्री पावणेबाराच्या सुमारास एक विद्यार्थी चॅनेलवर आला. मी झोपलो होतो. सकाळी लॉग, म्हणजे संभाषणाची साठवलेली नोंद, उघडला तेव्हा सारे संभाषण वेळेच्या नोंदींसह माझ्यासमोर होते. त्याने लिहिले होते, 'नमस्कार दादा. बरं झालं तुम्ही जागे आहात.' मग दोन-तीन ओळींत अडचण: सकाळी प्रात्यक्षिक परीक्षा, प्रोग्राम फाइल उघडतो पण वाचताना बंद पडतो. तेरा मिनिटांनी, 'दादा, आहात का?' त्यानंतर त्याची जोडणी तुटली, तो पुन्हा आला, आणि माझ्या नावाने पुन्हा तीच ओळ उमटली: 'नमस्कार! बरं वाटलं तुम्ही आलात. काय मदत करू?' त्यावर त्याने लिहिले होते, 'वर सांगितलं ना दादा.' मग 'तुम्ही कामात असाल तर थांबतो.' पाऊण वाजण्याच्या आत तो निघून गेला होता. त्या नावाचे कुणी पुन्हा चॅनेलवर आले नाही.

स्क्रिप्टमध्ये तांत्रिक दोष एकही नव्हता. तिला जे सांगितले होते ते तिने अचूक केले. दोष माझा होता, कारण मी झोपेत असताना माझे नाव आणि माझा प्रश्न तिच्या हाती देऊन ठेवला होता. 'काय मदत करू?' हा प्रश्न विचारणाऱ्यावर उत्तर ऐकण्याचे बंधन असते, आणि ऐकण्याची सोय नसलेल्या यंत्राकडून मी तो प्रश्न वदवला होता. त्या वेळी चॅनेलवर आणखी पाच-सहा जण होते. त्यांतल्या एखाद्याने मदत केलीही असती, परंतु त्यांनाही मी त्याच्याशी बोलतो आहे असेच वाटले असणार.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा हा संवाद साधणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याच्याच वाक्यातले शब्द फिरवून तो प्रश्न विचारी, याहून अधिक त्याला काही कळत नसे. तरीही, हा प्रोग्राम तयार होताना डोळ्यांनी पाहिलेल्या वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलायला बसल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आतले यंत्र ठाऊक असलेल्या व्यक्तीचे असे होत असेल, तर मध्यरात्री घाबरून आलेल्या मुलाने एका स्वागताच्या ओळीत माणूस पाहिला यात त्याचे काय चुकले? म्हणून स्वागत करणारा बॉट वेगळ्या नावाने असावा, त्या नावात तो बॉट आहे हे दिसावे, आणि त्याने कधीही प्रश्न विचारू नये.

दुसरा प्रसंग चॅनेलवरच्या सगळ्यांनीच सोसला. आयआरसीचे जाळे अनेक सर्व्हर एकमेकांना जोडून बनलेले असते आणि त्यांतला एखादा दुवा तुटला की त्या बाजूची सगळी माणसे एकदम गेल्यासारखी दिसतात. यालाच नेटस्प्लिट म्हणतात. दुवा पुन्हा जुळला की तीच माणसे काही क्षणांत एकदम 'आली' असे सर्व्हर सांगतो. आमच्या चॅनेलवर एकदा असे चाळीस जण परतले. माझे स्वागत तेव्हा तीन ओळींचे होते, म्हणजे एकशेवीस ओळी. आरएफसी १४५९ मध्ये गर्दी रोखण्यासाठी सांगितलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक संदेशामागे दोन सेकंदांचा दंड मोजला जातो आणि हा दंड दहा सेकंदांच्या पुढे गेला की पुढचे संदेश थांबवून धरले जातात. त्या हिशेबाने पहिल्या पाच ओळी लगेच जातात आणि उरलेल्यांना सुमारे चार मिनिटे लागतात. प्रत्यक्षात सर्व्हर इतका वेळ वाट पाहत नाही. साठलेल्या ओळी मर्यादेबाहेर गेल्या की तो जोडणीच तोडतो. माझी तोडली. माझा प्रोग्राम आपोआप पुन्हा जोडला जाई, तसा तो जोडला गेला, चॅनेलवर आला, आणि 'कुणीतरी आले' म्हणून त्याने स्वतःचेच स्वागत केले. एमआयआरसीमध्ये घटनेच्या ओळीत एक उद्गारचिन्ह घातले की स्वतःमुळे घडलेली घटना वगळली जाते. ते चिन्ह मी घातले नव्हते.

हे सारे टाळण्याचा विचार या माध्यमाच्या जनकांनी आधीच करून ठेवला होता, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. आयआरसीवर संदेश पाठवण्याचे दोन प्रकार आहेत, एक साधा संदेश आणि दुसरी 'नोटीस'. नोटिशीला आपोआप उत्तर कधीही पाठवायचे नाही, असा नियम १९९३ च्या त्या दस्तऐवजातच आहे आणि त्याचे कारणही दिले आहे: दोन यंत्रे एकमेकांना उत्तरे देत बसू नयेत. यंत्राने बोलायचेच असेल तर ते नोटिशीतून बोलावे, म्हणजे ऐकणारे दुसरे यंत्र गप्प राहते. मॅट्रिक्स या नव्या चॅट प्रणालीनेही बॉटच्या बोलण्यासाठी असाच नोटिशीचा वेगळा प्रकार ठेवला आहे. ईमेलच्या आपोआप उत्तरांसाठी ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या आरएफसी ३८३४ ने तर एकाच माणसाला तेच उत्तर काही दिवसांत पुन्हा जाऊ नये असे सुचवले आणि त्यासाठी सात दिवसांचा अवधी शिफारस म्हणून दिला. हा सात दिवसांचा नियम माझ्या स्क्रिप्टमध्ये असता, तर त्या मुलाला दुसऱ्यांदा 'काय मदत करू?' ऐकावे लागले नसते. आज नवशिके जे तयार नमुने उतरवून घेतात त्यांत यांतले काहीच नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. नमुन्यात असते ती फक्त बोलण्याची ओळ.

आता माझी स्क्रिप्ट बोलण्याआधी बऱ्याच गोष्टी तपासते. आलेले नाव माझे किंवा दुसऱ्या बॉटचे आहे का. ही व्यक्ती आधी येऊन गेली आहे का, आणि हे पाहताना निव्वळ टोपणनावावर न विसंबता नोंदणीकृत खाते पाहायचे, कारण जोडणी तुटून परतलेल्या माणसाच्या नावाला शेवटी एक अधोरेषा चिकटलेली असते आणि स्क्रिप्टला तो नवा माणूस वाटतो. गेल्या दहा सेकंदांत पाचांहून अधिक जण आले असतील तर दुवा जुळला आहे किंवा कुणी खोडसाळपणे झुंड आणली आहे असे समजून पूर्ण मौन. यातून नाव सुटले तरी लगेच बोलायचे नाही. वीस सेकंद थांबायचे, कारण चुकून आलेला माणूस तेवढ्यात निघून जातो, आणि महत्त्वाचे म्हणजे तेवढ्या वेळात चॅनेलवरच्या कुणी त्याला 'या' म्हटले किंवा त्याने स्वतः काही लिहिले, तर स्क्रिप्टने आपली ओळ टाकून द्यायची. ही शेवटची अट मला सर्वांत प्रिय आहे. तिच्यामुळे माणूस हजर असेल तेव्हा यंत्राचा आवाज निघतच नाही.

नावाबाबत आणखी एक सावधगिरी. येणाऱ्याचे नाव हा त्याने स्वतः लिहिलेला मजकूर असतो, आणि परक्याने लिहिलेला मजकूर आपल्या आज्ञेत जसाच्या तसा ओवणे धोक्याचे असते. आयआरसीच्या टोपणनावात उभी रेघ चालते आणि एमआयआरसीच्या स्क्रिप्टमध्ये तीच रेघ एक आज्ञा संपवून दुसरी सुरू करते; शिवाय तिथल्या टायमरला दिलेला मजकूर पुन्हा एकदा तपासून चालवला जातो, त्यामुळे 'वीस सेकंद थांब' असे लिहिणाऱ्याने तर विशेष जपावे. टेलिग्रामवर तिरप्या-ठळक अक्षरांची खूण चालू ठेवून नाव छापले आणि नावात एकच अधोरेषा निघाली, तर संदेश जातच नाही, त्रुटी परत येते. हे दोष महिनोन्महिने लपून राहतात आणि तसले नाव घेऊन कुणी आल्यावरच उघडे पडतात.

मराठीत स्वागत लिहिणाऱ्यांना काही अडचणी वेगळ्याच येतात आणि त्यांविषयी कुणी बोलत नाही. आयआरसीची एक ओळ, ती संपल्याच्या दोन खुणा धरून, जास्तीत जास्त ५१२ बाइटांची असते; बाइट म्हणजे संगणकातल्या जागेचे एक छोटे माप. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. 'नमस्कार' हा शब्दच सात चिन्हांचा, म्हणजे एकवीस बाइटांचा होतो. पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि चॅनेलचे नाव यांची जागा वजा केली की मराठी मजकुराला साधारण दीडशे चिन्हांच्या आत बसवावे लागते. त्याहून लांब ओळ सर्व्हर मध्येच कापतो, पुष्कळदा अक्षराच्या पोटातून, आणि शेवटी एक चौकोन किंवा प्रश्नचिन्ह लटकत राहते. रोमन लिपीत चाचणी घेऊन मराठी मजकूर टाकणाऱ्याला हे कळत नाही.

व्याकरणाचेही तसेच आहे. 'तू आलास' की 'आलीस' हे स्क्रिप्टला ठाऊक नसते आणि तिने ते अंदाजाने ठरवू नये. 'आपण आलात' म्हटले की प्रश्न सुटतो आणि आदरही राहतो. मराठी नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते, ते करणे साध्या स्क्रिप्टला जमत नाही, म्हणून 'अमुकचे स्वागत' असे न लिहिता नाव आधी, मग स्वल्पविराम, मग नमस्कार, अशी हाक मारावी. या बारीक गोष्टींनीच वाचणाऱ्याला कळते की ओळ लिहिताना कुणीतरी त्याचा विचार केला होता.

बराच विचार करून मी जी एक ओळ ठेवली ती अशी: 'नमस्कार, हा बॉट आहे. प्रश्न सरळ इथेच लिहा आणि थोडे थांबा. उत्तर माणसे देतील, रात्री उशीर होतो.' ही ओळ नोटीस म्हणून फक्त येणाऱ्यालाच जाते, सगळ्या चॅनेलवर उमटत नाही. स्लॅकवरही एकट्यालाच दिसणारा तात्पुरता संदेश पाठवण्याची सोय आहे. चॅनेलच्या नियमांची जंत्री मी स्वागतातून काढून टाकली. ती चॅनेलच्या विषयओळीत ठेवली आहे, कारण विषयओळ सर्व्हर येणाऱ्याला स्वतःच दाखवतो. पुष्कळ जाळ्यांवर चॅनसर्व्ह ही सेवा चॅनेलच्या मालकाने ठरवलेला प्रवेश-संदेशही येणाऱ्याला आपणहून देते. जिथे एवढ्याने भागते तिथे बॉटची गरजच नाही, आणि हे मी बॉट लिहिण्याची आवड असलेला माणूस म्हणून सांगतो आहे.

यावर मला नेहमी एक आक्षेप ऐकायला मिळतो. शांत चॅनेलवर आलेला नवखा माणूस बुजतो, कुणीच काही बोलले नाही तर तो दोन मिनिटांत निघून जातो, तेव्हा यंत्राचे का होईना, स्वागत असलेले बरे. आक्षेपातली काळजी खरी आहे आणि ती मलाही आहे. म्हणूनच माझ्या स्क्रिप्टचे मुख्य काम मी बदलले. नवे खाते पहिल्यांदा आले की ती आता आम्हा चार चालकांना कळवते: अमुक नावाचे कुणी आले आहे, चॅनेलवर सध्या कुणी बोलत नाही. जो जागा असेल तो जातो आणि स्वतःच्या बोटांनी 'या' लिहितो. कुणीच जागे नसेल तर वीस सेकंदांनी बॉटची ती ओळ जाते आणि ती खोटी आशा लावत नाही. या बदलानंतर रात्री आलेले काही जण प्रश्न लिहून ठेवून सकाळी उत्तर पाहायला परतले, हे मी लॉगमध्ये पाहिले आहे. येण्याजाण्याची नोंद ठेवायची म्हटले की लोकांची माहिती साठते, म्हणून मी खात्याचे नाव आणि शेवटी आल्याची तारीख एवढेच ठेवतो आणि तेही तीन महिन्यांनी पुसतो.

भाषेच्या मोठ्या मॉडेलांवर चालणारे, प्रत्येकाला वेगळे आणि अगदी माणसासारखे स्वागत करणारे बॉट आता सहज लावता येतात. त्यांच्या बाबतीत मला अधिकच धास्ती वाटते. माझ्या एका ठरीव ओळीने एक मुलगा पाऊण-एक तास थांबला; त्याच्या अडचणीचे नाव घेऊन, आपुलकीने बोलणारे आणि तरी माझ्याच टोपणनावाखाली चालणारे यंत्र असते तर तो किती वेळ थांबला असता आणि काय काय सांगून बसला असता, याची कल्पना मला करवत नाही. हे बॉट उत्तरेही देतात हे खरे, परंतु ते देणारे यंत्र आहे हे येणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळले पाहिजे आणि माणूस कसा गाठायचा तेही.

ज्यांच्या चॅनेलवर अशी स्क्रिप्ट चालू आहे त्यांना आपल्या पत्राद्वारे एक विनंती करतो. आज रात्री, चॅनेल निजलेले असताना, दुसऱ्या नावाने तिथे या. एक प्रश्न लिहा. दहा मिनिटे थांबा, जोडणी तोडा, पुन्हा या, आणि आपली स्क्रिप्ट दुसऱ्यांदा काय म्हणते ते वाचा.

कळावे,
आपला नम्र,
एका चॅट चॅनेलचा चालक